हाताला लागलेलं रूप

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने त्यांना विचारलं, "तुम्ही कमळ बघितलंय का कधी?" मग तिचं तिलाच कळलं. "म्हणजे, हात लावलाय का?"

"नाही," ते म्हणाले.

ते जन्मापासून आंधळे. बेसूर झालेले पियानो सुरात आणून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना सूरवाले म्हणत. आईने लहानपणी शिकवलेलं देवाचं वर्णन ते रोज सकाळी आंघोळीनंतर म्हणत. डोळे कमळाच्या पाकळीसारखे, नाक तिळाच्या फुलासारखं, गळा शंखासारखा, मांड्या केळीच्या खांबासारख्या, अंगाची कांती पाण्याने भरलेल्या ढगासारखी. डोक्यापासून पायाच्या नखांपर्यंत.

"मग म्हणता कसं?"

"पाठ आहे म्हणून."

बायको रोपवाटिकेत कामाला होती. काही दिवसांनी ती ओल्या कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आली. त्यांना खुर्चीत बसवून एक पाकळी तिने त्यांच्या मिटलेल्या पापणीवर ठेवली. गार, जाडसर, मध्ये किंचित खोलगट, टोकाला निमुळती. "असा डोळा," ती म्हणाली.

तेव्हापासून तिला नादच लागला. तिळाचं रोप तिने कुंडीत लावलं, आणि ते फुलल्यावर त्यांचं बोट धरून त्या एवढ्याशा फुलावरून फिरवलं. कुणाच्या तरी कपाटातला शोभेचा शंख मागून आणला. रोपवाटिकेच्या काचेच्या उबदार शेडमध्ये केळी होत्या. तिथे नेऊन तिने त्यांना केळीच्या खांबाला मिठी मारायला लावली, तेव्हा तिच्या सोबतच्या बायका हसून हसून बेजार झाल्या. "हसा," ती म्हणाली, "तुमच्या नवऱ्यांना कुणी देवाच्या मांडीवर बसवलंय का?"

ढगाचं मात्र अडलं. मग एकदा गाडी करून ती त्यांना टेकडीवर घेऊन गेली. वर दाट धुकं होतं. "हाच ढग," ती म्हणाली. "खाली उतरलाय एवढंच."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तळहात ओले झाले, भुवया ओल्या झाल्या. "हातात काही येत नाही गं."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली.

अशी बरीच वर्षं गेली. सकाळी ते म्हणायला बसले की प्रत्येक शब्दाबरोबर तळहाताखाली काहीतरी यायचं. गार, खरखरीत, ओलं.

ती गेली ती रोपवाटिकेतच. रोपांना पाणी घालता घालता खाली बसली आणि उठली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता, डॉक्टरांनी सांगितलं. सूरवाले दवाखान्यात पोचले तेव्हा तिचा हात अजून थोडा कोमट होता. नखांत माती होती. त्यांनी तो हात बराच वेळ धरून ठेवला आणि मग कुणीतरी त्यांना बाजूला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर सवयीने ते म्हणायला बसले. कमळ म्हणाले. हाताखाली काहीच आलं नाही. तीळ, शंख, केळ, ढग, सगळं म्हणून झालं. कुणी फोन नंबर सांगावा तसं म्हणून झालं. ते उठले, चहा प्यायले आणि कामाला निघाले.

"धीराचा माणूस आहे हो," शेजारी म्हणत. सूरवाल्यांना ठाऊक होतं की यात धीर कसलाच नाही. पाय बधिर झाला की निदान मुंग्या तरी येतात. इथे त्याही येत नव्हत्या. जेवणाला चव लागत होती. झोप येत होती. पियानो सुरात येत होते.

त्यांची मुलगी रजा काढून आली होती. ती दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. आंधळ्याची लेक चष्मे विकते, हा घरातला जुना विनोद होता. तो आता कुणी केला नाही.

एका दुपारी रोपवाटिकेतून आईचं सामान घेऊन जायला निरोप आला. दोघं गेली. गमबूट, एप्रन, हातमोजे, पाण्याची बाटली. आईबरोबर काम करणारी एक बाई होती, मुलगी तिला मावशी म्हणायची. तिने सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं.

"आम्हाला सगळ्यांना छळायची बरं का," मावशी म्हणाली. "डोळे मिट, याला हात लाव, कशासारखं लागतं सांग. आम्ही म्हणायचो, एवढी भक्ती कुठून आली हिला?"

"माझ्यामुळे," सूरवाले म्हणाले.

"छे हो. मला म्हणायची, देवाबिवाचं मला काही नाही. पण त्यांना देव सगळा हाताला लागला पाहिजे, अर्धवट नको."

सूरवाल्यांनी पिशवीतून एक हातमोजा काढला आणि त्यात हात घातला. त्यांच्या बोटांना तो तोकडा पडला. आत वाळलेली माती होती, अंगठ्याला भोक होतं. त्यांनी तो काढून परत पिशवीत ठेवला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "तुझी आई दिसायला कशी होती?"

मुलगी गमबूट दाराशी ठेवत होती. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही का?"

"हाताला माहीत आहे. दिसायला कशासारखी, ते मी कधी विचारलंच नाही. देवाचं विचारत बसलो."

"आईसारखीच दिसायची."

"हे उत्तर झालं का?"

मुलगी त्यांच्यासमोर येऊन बसली. "उजव्या डोळ्याचा नंबर जास्त होता. नाक जरा बसकं. वरच्या ओठावर..."

"कशासारखं ते सांग."

"बाबा, मला नाही येत असलं." मग ती म्हणाली, "केस शेवटी शेवटी वाळलेल्या गवतासारखे झाले होते."

"खोटं. मऊ होते."

"हाताला मऊ असतील. दिसायचे म्हणतेय मी. रंग म्हणतेय."

"मग मला त्याचा काय उपयोग?"

"मग विचारता कशाला?" तिचा आवाज चढला, आणि लगेच फुटला. "तुम्ही रडतसुद्धा नाही. मी आल्यापासून बघतेय. म्हणणं चालू, काम चालू. आई गेलीय, बाबा."

"रडायला येत नाही," ते म्हणाले. "मी बसून बघतो. येत नाही."

ती रडत राहिली. चाचपडत त्यांनी तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. तिचे केसही मऊ होते. हे त्यांना कळलं, पण त्यापुढे काही झालं नाही. ती शांत होईपर्यंत त्यांनी हात तसाच ठेवला.

दुसऱ्या सकाळी ते म्हणायला बसले नाहीत. मुलीने चहा पुढे ठेवला. तिची रजा संपली तशी ती गेली. जाताना फ्रीजमध्ये डबे भरून ठेवले आणि कुठल्या डब्यात काय आहे ते दोनदा सांगितलं.

बऱ्याच आठवड्यांनी एका सकाळी तिचा फोन आला. दुकानातूनच. मागे माणसांचे आवाज येत होते.

"बाबा, आत्ता एक बाई आल्या होत्या. मी डोळ्यांत दिवा मारून बघत होते आणि मला पुढचं काही सुचेना. डोळे अगदी आईचे."

"कशासारखे?" त्यांनी विचारलं.

या वेळी ती चिडली नाही. म्हणाली, "पाणी घातल्यावर माती कशी गडद होते ना, तसे. कोरडी नाही हं. नुकतं पाणी घातलेली."

"बरं."

"कळलं का तुम्हाला?"

"बघतो," ते म्हणाले. "तू काम कर."

फोन ठेवून ते मागच्या अंगणात गेले. भिंतीलगत तिच्या कुंड्या होत्या. शेजारीण मधूनमधून पाणी घालायची, पण निम्मी रोपं वाळून गेली होती. त्यांनी बादली भरली. एका रिकाम्या कुंडीत तांब्याने हळूहळू पाणी ओतलं. माती आधी पाणी घेईना, ते वरच तरंगत राहिलं. मग एकदम आत गेलं आणि बारीक सुर्र आवाज झाला.

त्यांनी बोटं आत रुतवली. वरची माती गार होती. खोलवर ती अजून कोरडी होती, उन्हाने तापलेली. त्यांनी मूठभर ओली माती घेतली आणि आवळली. बोटांच्या फटींतून ती बाहेर आली. गडद म्हणजे काय, हे त्यांना तरीही कळलं नाही. पण ते पायरीवर बसले आणि मूठ सोडली नाही.

त्या दिवशी एका शाळेचा पियानो बघायला जायचं होतं. शाळेतून फोन आला, तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि सांगितलं, "आज येत नाही. घरी आहे."