बाहीवरचा वास

नाकरावांचं दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवरच थांबावं एवढं. पण मान मोठा. लोक आपापल्या महागड्या सेंटच्या बाटल्या घेऊन यायचे आणि नाकराव त्यांना जोड लावून द्यायचे. जोड म्हणजे आधी अंगावर अत्तराचं तेल, ते मुरू द्यायचं, मग वरून सेंटचा फवारा. जड खाली, हलकं वर. उलट केलंत तर दोन्ही वाया. या जोड्या ते दिवसभर स्वतःच्याच हातावर जमवून बघत, मनगटापासून कोपरापर्यंत.

आणि इथेच पंचाईत होती. बायको घरी शिवणकाम करायची, दाराशीच मशीन टाकून. संध्याकाळी हे आले की ती त्यांची बाही धरायची, हुंगायची आणि यांचा सगळा दिवस यांनाच ऐकवायची. आज गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या, गुलाबाखाली वाळा लावलात. आज तो वकील आला होता, त्याला शेवटपर्यंत काही पसंत पडलं नाही. एकदाही चुकायची नाही. जगाला वासाचे धडे देणाऱ्या माणसाची घरी ही गत.

तर अशा बाईला एकदा चकित करायचं, असं नाकरावांनी मनावर घेतलं. मुलीने दोन वर्षांपूर्वी दिलेला सेंट तिने तेव्हाच 'फार उग्र आहे बाई' म्हणून कपाटात टाकून दिला होता. त्याच्याखाली असं तेल बसवायचं की उग्रपणा निघून जावा आणि तिने तो हौसेने लावावा. आयुष्यात एकदा तरी तिला आधी पत्ता लागू न देता काहीतरी द्यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

छोट्या कुपीत थोडा सेंट चोरून दुकानात नेला. पण हातावरच्या वासाचं काय करायचं? नाकरावांनी डोकं लढवलं. निघताना त्या प्रयोगावर लवंगेचं तेल आणि त्याच्यावर कॉफीचा अर्क चोपडला. या प्रकाराला त्यांनी मनातल्या मनात 'पांघरूण' असं नावही दिलं.

पहिल्या दिवशी घरी येताना त्यांनी बाही दोनदा हुंगून पाहिली. घरात शिरताच त्यांनी पाणी मागितलं. बायकोने बाही हुंगली आणि म्हणाली, बँकेतल्या बाई आल्या होत्या वाटतं. त्या खरंच आल्या होत्या. बाकी अवाक्षर नाही. नाकरावांना आकाश ठेंगणं झालं. पुढे रोज तेच.

आता एवढा मोठा शोध पोटात कसा राहणार? बायकोपासून चोरून सिगारेट ओढणारा एक कारकून गिऱ्हाईक होता. त्याला त्यांनी मोठ्या दिमाखात पांघरुणाची युक्ती शिकवली. दुसऱ्याच दिवशी तो तोंड पाडून हजर.

"उंबऱ्यातच पकडलं हो तिने," तो म्हणाला. "विचारते, कॉफी कधीपासून ओढायला लागलात?"

नाकराव आधी पोट धरून हसले. मग हसू आपोआप थांबलं. कारकुनाच्या बायकोला जे उंबऱ्यात कळलं, ते यांच्या बायकोला इतके दिवस बाही धरून कळू नये?

त्या दिवशी त्यांनी पांघरूण घातलंच नाही. जोड जमली होती. खाली चंदन, त्यावर केवड्याचं बोट आणि वर मुलीचा सेंट. तीच हातभर लावून, धाकधूक दिसू नये म्हणून गुणगुणत ते घरी आले आणि बाही पुढे केली.

"गाणाऱ्या बाई आल्या होत्या," बायको म्हणाली. "गुलाब लावलाय."

गाणाऱ्या बाई गावाला गेलेल्या. गुलाबाला त्यांनी हातही लावला नव्हता.

"गुलाब कुठे आहे यात?" ते तडकलेच. एवढ्या मेहनतीची जोड, आणि म्हणे गुलाब.

मशीन थांबलं. तिने दोरा तोडला आणि मान वर न करता सांगून टाकलं. मागच्या थंडीत ती सर्दी झाली, तेव्हापासून तिला कशाचाच वास येत नाही. दूध करपलं तरी धूर दिसेपर्यंत कळत नाही. मग रोजचं ते कसं ओळखायची? गाणाऱ्या बाई आल्या की हे गुणगुणत येतात. वकील आला की चपला आपटतात. बँकेतल्या बाई फार बोलतात, त्या दिवशी आल्या आल्या पाणी मागतात.

"सांगणार होते हो. पण तुम्ही रोज इतक्या उत्साहाने बाही पुढे करायचात."

नाकरावांना वाईट वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. दिव्याखाली केवढा अंधार. ते तिच्याजवळ बसले आणि कुपीतल्या जोडीची सगळी हकिगत सांगितली. तिने मनगट पुढे केलं. त्यांनी तेल लावलं, मुरू दिलं, वरून सेंट मारला.

"आता सांगा," ती म्हणाली. "कसा येतोय?"

जन्मभर वास विकले, पण वास बोलून दाखवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. चाचरत सुरुवात केली. खाली चंदन आहे, गार, पेटीतल्या जुन्या कपड्यांसारखं. मग केवडा, किंचित, मान वळवून बघितल्यासारखा. वर पोरीचा सेंट, आता शहाणा झालाय. ती डोळे मिटून ऐकत होती. तिचा चेहरा बघून नाकरावांना राहवेना. तिचं म्हणणं अगदीच खोटं पडू नये म्हणून खाली बघत ते म्हणाले, "आणि अगदी शेवटी, जरासा गुलाब आहे बरं का."

तिने डोळे उघडले.

"गुलाब नाहीये यात."

"कशावरून?"

"आवाज बदलला तुमचा," ती म्हणाली. "चंदनापासून परत सांगा."