सार्जंट सांगेल तसे कर

मे महिन्यातील त्या शनिवारी सकाळी डेल्बर्ट स्टॅम्पर शिडीवर चढून दिव्याच्या खांबाला कापडी फलक बांधीत होता. केंटकीच्या डोंगरातील त्या लहानशा गावात दरवर्षी याच सुमारास मुख्य रस्त्याचा एकूण एक खांब असा सजत असे. प्रत्येक फलकावर गावच्या एका सैनिकाचे छायाचित्र आणि त्याखाली त्याचे नाव. माजी सैनिकांच्या सभागृहाचा अध्यक्ष या नात्याने हे काम डेल्बर्ट स्वहस्ते करी. त्याचा जुना सोबती हर्शेल कोम्ब्स खाली शिडी धरून उभा होता.

"अरे, वाकडं लावलंस! एव्हरेटचं तोंड दारूच्या दुकानाकडे झालंय."

"जिवंत होता तेव्हा दुसरीकडे कुठे असायचं?" डेल्बर्ट वरून म्हणाला. दोघेही म्हातारे मनापासून हसले.

इतक्यात पलीकडच्या केशकर्तनालयातून म्हातारी ओपल केसांना चिमटे लावलेल्या स्थितीतच बाहेर आली.

"डेल्बर्ट, लेका, तुझा बाप खांबावर लागला, भाऊ लागला, तू लागलास. पोरगी कुठाय? तीही गेली होती ना इराकला?"

"तिचा कागद यायचाय अजून, ओपल."

"अगं बाई! इतकी वर्षं? पायी येतोय की काय तो?"

हर्शेल शिडीकडे पाहू लागला. डेल्बर्टने दोरीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

वास्तविक कागद केव्हाच आला होता. केंड्रा स्टॅम्पर हिला सैन्यातून मानाविना मुक्त करण्यात येत आहे, असे त्यावर लिहिलेले होते. त्या भागात याला 'वाईट कागद' म्हणतात. वाईट कागदाच्या माणसाला माजी सैनिकांच्या इस्पितळाचे दार बंद, सभागृहाचे दार बंद आणि खांबही बंद. यांपैकी खांबांचा आणि सभागृहाचा नियम डेल्बर्टनेच पुढाकार घेऊन करविला होता. तेव्हा केंड्रा शाळेत शिकत होती.

तो दुपारी घरी परतला तेव्हा आर्लीनने मक्याचा पाव आणि घेवड्याचे कालवण टेबलावर मांडले होते. टेबलाशी शहरातून आलेली एक तरुण वकीलबाई बसली होती. तिचे नाव मिस व्हिटेकर. अशा सैनिकांचे अर्ज ती विनामोबदला चालवीत असे. केंड्रा भिंतीला पाठ लावून, दरवाजा दिसेल अशा बेताने बसली होती. युद्धभूमीवर अवजड मालमोटारी चालविलेली ही मुलगी आता किराणा दुकानातील गर्दीतही पाच मिनिटे टिकत नसे. तिला उपचार हवे होते आणि त्या उपचारांचे दार कागद बदलल्याखेरीज उघडणार नव्हते.

"कागद बदलून देणाऱ्या सैन्याच्या मंडळासमोर सुनावणी लागलीय," वकीलबाई म्हणाली. "केंड्राने सार्जंटविरुद्ध तक्रार केली होती. त्याने तिच्यावर जबरदस्ती केली, हे आम्ही मांडूच. पण मंडळ विचारेल की, तक्रार केली होतीस तर लगेच दुसऱ्या आठवड्यात 'माझाच कसूर' अशी कबुली सही करून का दिलीस?"

"का दिलीस?" डेल्बर्टने पाव मोडता मोडता विचारले.

"सार्जंट आणि वरचे अधिकारी म्हणाले, सही केलीस तर तुझ्यावर खटला नाही. आणि सहा महिन्यांनी कागद आपोआप चांगला होतो."

"आपोआप होत नाही," वकीलबाई खिन्नपणे म्हणाली. "कधीच होत नाही. पण तिथे सगळ्यांना हेच सांगतात, आणि पोरं विश्वास ठेवतात."

"आणि मी फोन केला होता," केंड्रा म्हणाली. "डॅडी, तुम्हाला आठवतोय तो फोन?"

"कसला फोन?"

"रविवार होता. तुम्ही चर्चमधून नुकतेच आला होतात. मी म्हटलं, सार्जंट एका कागदावर सही करायला सांगतोय, करू का? तुम्ही म्हणालात—"

"पुरे."

"—सार्जंट सांगेल तसं कर. स्टॅम्परांच्या घरात कुणी उलट बोललेलं नाही."

"तो सार्जंट कोण, ते तू सांगितलंस मला? सांगितलंस?"

"तो माझ्या शेजारी उभा होता, डॅडी. फोन त्याच्याच टेबलावरचा होता."

आर्लीनच्या हातातील पळी भांड्यावर आपटली. डेल्बर्ट उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

वाचकहो, या मनुष्यास पाषाणहृदयी समजू नये. तो फोन त्याला पक्का आठवत होता. एकही रविवार त्याला तो विसरू देत नव्हता. म्हणूनच तर त्याने आजवर त्या कागदाची बाजू धरून ठेवली होती. कागद खरा असेल तर मुलगी चुकली, एवढेच दुःख होते. परंतु कागद खोटा ठरला, तर आपल्या मुलीला त्या नराधमाच्या स्वाधीन करणारा शेवटचा शब्द तिच्या बापाचा होता, हे मान्य करावे लागणार होते. सैन्याचा शब्द आणि बापाचा शब्द, या दोन भिंतींमध्ये तो चिणला गेला होता. आणि त्या भिंती त्याला लहानपणापासून पूज्य मानावयास शिकविलेल्या होत्या.

आर्लीन त्याच्यामागे ओसरीवर आली.

"ती घरी आली त्या वर्षीच मी तुला सगळं सांगितलं होतं, डेल्बर्ट. तू टीव्हीचा आवाज वाढवलास."

"बेसबॉल चालू होता."

"आता बंद आहे," ती म्हणाली आणि तेथेच उभी राहिली.

त्याच आठवड्यात सभागृहात खुर्च्या मांडताना त्याने हर्शेलजवळ विषय काढला.

"समज, सार्जंटने खोटं लिहिलं असेल तर?"

"तू स्वतः सार्जंट होतास की रे! तू लिहिलंस कधी खोटं?"

डेल्बर्टला व्हिएतनाममधील एक पोरगा आठवला. तोफेच्या आवाजाने ज्याचे हात थरथरत, त्याच्याविषयी आपण 'आळशी व कामचुकार' असा शेरा मारला होता. तो पोरगा कोठल्या गावी, कसल्या कागदानिशी परत गेला, याची चौकशी त्याने आयुष्यात कधी केली नव्हती.

"पोरगी तुझी, म्हणून मलाही वाईट वाटतं," हर्शेल समजुतीने म्हणाला. "पण आज तिला आत घेतलं तर उद्या सगळे पळपुटे रांग लावतील. तू तिकडे सुनावणीत जाऊन सैन्याला खोटारडं म्हणालास, तर या खुर्चीत तुला बसवणार कोण? चल, कॉफी घे. आज मी केलीय, म्हणजे निदान गरम आहे."

सुनावणीच्या दिवशी डेल्बर्ट इस्त्रीचा सदरा घालून मोटारीत जाऊन बसला. केंड्राने त्याला काही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. एका सरकारी इमारतीतील लहान खोलीत पडद्यावर मंडळाचे तीन सभासद दिसत होते. केंड्रा बोलली. बोलताना तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. नंतर वकीलबाईने डेल्बर्टकडे पाहिले. तो उठून उभा राहिला. बसून बोलले तरी चालेल असे त्याला सांगण्यात आले, तरी तो बसला नाही.

फोनची हकीकत त्याने जशीच्या तशी सांगितली. मंडळातील वयस्कर सभासदाने विचारले, "कागद कसला आहे, हे आपण मुलीला विचारलेत काय?"

"नाही साहेब."

"का विचारले नाही?"

"विचारणं म्हणजे सार्जंटचा अपमान, असं वाटलं. आम्हाला तसंच शिकवलंय. मीही पोरांना तेच शिकवलं. साहेब, ती फोनवर रडत होती. मला ऐकू येत होतं. ती रडतेय हे कळत असून मी म्हटलं, सही कर."

केंड्राने वडिलांकडे पाहिले नाही, परंतु टेबलाच्या कडेवरचा तिचा हात सैल झाला.

निकालास कित्येक महिने लागतील आणि तो बहुधा नकारार्थीच असेल, असे वकीलबाईने बाहेर आल्यावर स्पष्ट सांगितले. अशा अर्जांपैकी पुष्कळ अर्ज पुराव्याअभावी फेटाळले जातात. ज्याने अन्याय केला त्याच्याच हातचा कागद पुरावा मानला जातो, आणि जिच्यावर अन्याय झाला तिचे अश्रू कोठेही नोंदले जात नाहीत. हे केवळ सैन्यातच घडते काय, याचा विचार सुज्ञ वाचकांनी आपापल्या घरात बसून करावा.

पुढच्या बैठकीत डेल्बर्टने अध्यक्षाच्या खुर्चीवरूनच ठराव मांडला. वाईट कागद असलेल्या माणसालाही सभागृहात प्रवेश असावा आणि त्याचे म्हणणे ऐकल्याखेरीज त्याला कोणी पळपुटा म्हणू नये, असा तो ठराव होता. अनुकूल असलेल्यांनी हात वर करावेत असे सांगून त्याने स्वतःचा हात वर केला. समोर आयुष्यभराचे सोबती बसले होते. कोणी बुटांकडे पाहत होता, कोणी कॉफीच्या पेल्यात.

"झालं, डेल्बर्ट," हर्शेल हळू आवाजात म्हणाला. "एकच आहे. मोजून झालं. आता खाली घे हात."

"तुमची मोजणी झाली असेल," डेल्बर्ट म्हणाला, आणि हात वर धरून तसाच बसून राहिला.