कोणता डाव?

मी डाव बोलतोय. पत्त्यांचा नव्हे, कुस्तीचा नव्हे, राजकारणातला तर मुळीच नव्हे. मोठ्या पातेल्यातून वाढायचा, लांब दांड्याचा, पितळेचा डाव. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या एका शब्दापायी एका भल्या माणसाचं नाव पुसलं ते पुसलंच गेलं.

सध्या मी यादवी युद्धाच्या संग्रहालयात, कॅन्टीनमधल्या खिळ्याला लटकतो. भिंतीपलीकडे ‘तुम्हाला माहीत आहे का?’ नावाचं दालन आहे. युद्ध का पेटलं, किती माणसं गेली, या पाट्यांसमोरून लोक भराभर पुढे सरकतात. पण अमक्या सेनापतीला कोंबड्याची भीती वाटायची, हे वाचलं की घरच्यांना हाका मारमारून दाखवतात. युद्धातलं युद्ध सोडून माणसांना सगळं आवडतं.

सगळ्यात लाडका किस्सा असा. ओढ्याकाठी दोन्हीकडच्या कप्तानांमध्ये पत्त्यांचा डाव रंगला आणि तीन तास एकही गोळी सुटली नाही. काचेच्या पेटीत पत्त्यांचा जोडसुद्धा ठेवलाय. तसाच जोड तिकीट खिडकीशी विकत मिळतो. हा किस्सा इथल्या साहेबांनी शोधून काढला. तेव्हापासून त्यांना सगळे ‘माहीतगार’ म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं.

आता खरं ऐका. मी तिथे होतो, पत्ते नव्हते.

ओढ्याच्या अलीकडे आमची पलटण, पलीकडे त्यांची. आमच्या आचाऱ्याने बटाट्याचं सूप चढवलं होतं. पलीकडेही पातेलं उकळत होतं. तेवढ्यात तिकडचा आचारी ओरडला, “अहो, ऐकलंत का? आमचा डाव गेला ओढ्यात वाहून. तुमचा द्या ना जरा.”

यादवीत हीच पंचाईत असते, शत्रूचं बोलणं कळतं. आणि शेजाऱ्याने भांडं मागितलं तर नाही म्हणायची आमच्या आचाऱ्याला सवय नव्हती. “परत करा हं,” म्हणत त्याने मला भिरकावलं. मी दगडावर आपटलो, पोटाला पोचा पडला. पण तिकडचं वाढप करून परत आलो. मग इकडचं वाढप, मग पुन्हा तिकडे. मध्येच कोणीतरी बंदूक सरसावली, तर आमचा कप्तानच खेकसला, “थांब रे, डाव तिकडे आहे. माझं अजून वाढून व्हायचंय.” पलीकडचा कप्तानही असंच काहीतरी म्हणाला असणार. असे तीन तास गेले. शेवटी मी घासूनपुसून परत आलो तेव्हा माझ्या पोटात मिठाचा एक खडा होता. रिकामं भांडं कोण परत करतं?

संध्याकाळी आचाऱ्याने वहीत लिहिलं, ‘आज डाव दोन्हीकडे फिरला. तीन तास गोळी नाही.’ दुसऱ्याच दिवशी त्याला पकडलं. लष्कराचं भांडं शत्रूला उसनं दिलं आणि शत्रूचं मीठ घेतलं, असा गुन्हा. साक्षीला कोण, तर दोन वाडगी सूप ओरपलेला तोच कप्तान. आचारी फितूर ठरला, शिक्षा भोगून घरी आला. गावाच्या स्मारकशिळेवर पलटणीतल्या घोड्यांच्या मोतद्दारांचीही नावं आली, त्याचं तेवढं गाळलं. मी मुद्देमाल क्रमांक एक, मीठ क्रमांक दोन. माझ्या दांड्यावर ‘मु. १’ असं ठोकलं. मीठ दमट हवेत विरघळून सुटलं.

पुढे मुद्देमालाच्या पेट्या संग्रहालयात आल्या. कागदावर ‘मु. १, डाव’ एवढंच होतं. माहीतगारांनी वही वाचली, कागद वाचला आणि ठरवून टाकलं की पत्तेच जप्त झाले होते. पेटीत पत्ते काही सापडेनात, म्हणून बाजारातून जुनाट दिसणारा जोड आणवला. आणि पेटीत जो सापडला, त्या मला भंगार म्हणून कॅन्टीनवाल्या मावशींकडे धाडलं. विद्वान माणूस, दुसरं काय?

मध्यंतरी आचाऱ्याची मुलगी आली. सत्तरीची आजी झालीय आता. लहानपणभर ‘फितुराची पोर’ ऐकत वाढली बिचारी. ती वही तिनेच संग्रहालयाला दिली होती, बाबांचं नाव शिळेवर यावं एवढ्याच आशेने. आता शिळा नव्याने कोरायची होती आणि नावांची यादी त्याच दुपारी जायची होती. सही माहीतगारांची. ते जेवायला बसले होते, ती समोर जाऊन बसली.

“साहेब, तो वाढायचा डाव हो. बाबा स्वतः सांगायचे.”

“कल्पना गोड आहे आजी. पण पुरावा?”

तेवढ्यात मावशींनी माझ्याने आजीच्या वाडग्यात सूप ओतलं. तिने मला हातात घेतलं, बाबांनी सांगितलेल्या पोच्यावरून बोट फिरवलं, मग मला उलटा केला. “हे वाचा.”

माहीतगारांनी चष्मा लावला. ‘मु. १’ वाचलं. चेहरा पार उतरला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

“आजी,” ते हळूच म्हणाले, “पत्त्यांचा किस्सा शाळेच्या पुस्तकात गेलाय. आता मागे कसा घेऊ? असं करू या, बाबांचं नाव घालतो शिळेवर. पत्ते पिसणारा म्हणून. कप्तानांच्या हुकमाने पिसले म्हटलं की फितुरी उरतच नाही.”

आजीने मला टेबलावर ठेवलं. जन्मभर ज्यासाठी खेटे घातले ते समोर आलं होतं. ती हो म्हणाली असती तर मी तिला बोल लावला नसता.

“बाबांना पत्ते पिसता यायचे नाहीत,” ती म्हणाली. “राहू द्या.”

यादी त्याच्या नावाशिवाय गेली. मला फार वाईट वाटलं.

निघताना आजीने मावशींना विचारलं, “हा मला मिळेल का?”

“संग्रहालयाची वस्तू बाहेर जात नाही,” माहीतगार म्हणाले.

“संग्रहालयाची कुठली? तुम्हीच तर भंगार म्हणालात,” मावशी म्हणाल्या. “न्या आजी, उसना. परत करा हं मात्र.”

आठवड्याने आजीने मला परत आणलं. पोटात मिठाचा खडा होता, आणि दांड्यावर ‘मु. १’च्या खाली तिच्या बाबांचं पूर्ण नाव कोरलेलं, पुढे ‘आचारी’. शिळेपाशी वर्षातून एकदा कोणी जातं. भूक सगळ्यांना रोज लागते. लोक वाढून घेताना नाव वाचतात, विचारतात, मावशी सांगतात. तुम्हीही किस्सा ऐकलात तर माना डोलवण्याआधी एवढं विचारत जा, की बाबा रे, यात वाढणारा कोण होता?

माहीतगारही येतात. हल्ली माझं नाव टाळतात. कालही रांगेत वाडगं पुढे करून म्हणाले, “मावशी, एक पळी सूप.”

“पळी नाही आमच्याकडे.”

मागे रांग वाढत होती. साहेबांनी खाली बघत म्हटलं, “बरं, एक डाव.”

“कोणाचा?” मावशींनी विचारलं, आणि नाव घेईपर्यंत मला पातेल्यातून वर काढलंच नाही.