धनूचा उजवा हात

आमच्या सोसायटीत धनूला सगळ्यात आधी ओळखलं ते एका परक्या माणसाने. आम्ही त्याला लहानपणापासून बघत होतो, पण आमच्या लेखी तो खिडक्यांच्या काचा फोडणारा पोरगा होता.

नोएडात तेव्हा अर्ध्या इमारती राहण्याजोग्या झाल्या होत्या आणि अर्ध्या नुसत्या सळया वर करून उभ्या होत्या. दिल्लीतली सरकारी क्वार्टरं सोडून आम्ही मराठी मंडळी एकमेकांच्या ओळखीने तिथे राहायला गेलो. कोरियाची एक कंपनीही तेव्हाच तिथे आली. ती टीव्ही बनवायची. तिचे इंजिनियर रविवारी कारखान्यामागच्या मोकळ्या जमिनीवर बेसबॉल खेळायचे. धनू, म्हणजे श्रीरंग आणि सुनंदाचा एकुलता एक सुधन्वा, सायकलवरून तिकडून चालला होता. त्यांचा चेंडू रस्त्यावर आला. याने सायकल न सोडता उचलला आणि परत फेकला. तो चेंडू अख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या माणसाच्या हातमोज्यात असा जाऊन बसला, की त्यांचा खेळच थांबला.

संध्याकाळी त्या इंजिनियरांपैकी यून साहेब श्रीरंगच्या घरी आले. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहायची, म्हणून सुनंदाने मला वर बोलावून घेतलं. "मावशी, या ना, कुणीतरी चिनी साहेब आलाय. धनूने त्यांची काच फोडली वाटतं." मी गेले तर साहेब सोफ्याच्या कडेला बसलेले, हातात बाकरवडी, आणि मोडक्या हिंदीत सांगत होते, "ये हाथ, बहुत अच्छा हाथ."

श्रीरंग दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात नोकरीला, स्वभावाने भिडस्त. त्याने विचारलं, "पण नुकसान किती झालं?"

तिथून सुरुवात झाली.

धनू त्यांच्यात खेळायला लागला. आधी श्रीरंग एकटा बघायला जायचा. मग त्याच्याबरोबर जयंत जायला लागला. जयंत आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. त्याने एकदा बघितलं आणि बिल्डिंगभर बोंब मारली, "अरे यार, काय फेकतो पोरगा! चेंडू दिसतच नाही!" पुढच्या रविवारी आम्ही दहाबारा जण गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी सरोजिनी नगराहून, पहाडगंजातून ओळखीची कुटुंबं आली. शेवटी मंडळाने बसच ठरवली. चहाचे थर्मास, पोह्यांचे डबे, चटया, सगळं घेऊन आमची वरात त्या मैदानावर. कोरियन लोकांच्या बायका आमच्याकडे बघत राहायच्या.

खेळ कुणालाच कळत नव्हता.

"मावशी, हे क्रिकेट नाही बरं का," जयंत मला समजावायचा. "इथे स्टंप नसतात."

"मग चेंडू कशाला लागला की आऊट?"

"कशालाच लागला नाही की आऊट. तीनदा दांडा हुकला की गेला."

"म्हणजे विटीदांडूच की," मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले. "नुसतं नाव इंग्रजी ठेवलंय."

पण धनू मधल्या उंचवट्यावर उभा राहिला, की खेळ कळायची गरज राहायची नाही. पाय वर घ्यायचा, क्षणभर बगळ्यासारखा थांबायचा, आणि मग हात कधी फिरला ते दिसायचं नाही. हातमोज्यात फाट्‌कन आवाज यायचा तेवढाच. समोरचा हुकला की भाऊसाहेब उठून ओरडायचे, "गणपती बाप्पा!" आणि आम्ही सगळे, "मोरया!" हळूहळू ते कोरियन इंजिनियरही ओरडायला लागले, "मोलिया!" धनू लाजून टोपी खाली ओढायचा.

दिल्लीत आम्हाला कुणी विचारायचं नाही, हे खरं आहे. पंजाबी लोकांची दुकानं, बंगाल्यांच्या पूजा, मद्राशांचे देवळातले उत्सव. आमच्यात नोकऱ्या होत्या, भांडणं होती आणि वर्षातून एकदा गणपती होता. आता आमच्यात धनू होता.

दिवाळीच्या सुमारास यून साहेब परत घरी आले. या वेळी त्यांनी नीट सांगितलं. त्यांच्याबरोबर शाळेत खेळलेला एक मित्र तिकडच्या कॉलेजात प्रशिक्षक होता. तो जानेवारीत दिल्लीला येणार होता, खास धनूला बघायला. पसंत पडला तर शिक्षण, राहणं, खेळणं सगळं तिकडे. मग त्यांनी धनूचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला.

"इधर थोड़ा दर्द है. छोटा दर्द. अभी रेस्ट." मग सुनंदाकडे वळून म्हणाले, "ठंड में कभी नहीं फेंकना. पहले आधा घंटा गरम करना. मॅडम, आप देखना."

सुनंदाने ते मनावर घेतलं. बाळंतिणीचं पथ्य पाळावं तसं तिने त्या हाताचं पथ्य पाळलं. धनूला पाण्याची बादली उचलू देईना, गॅसचा सिलिंडर सरकवू देईना. थंडी पडल्यावर तिने लोकरीची एक नुसती बाही विणली, दंडापासून मनगटापर्यंत. ती घालून पोरगा शाळेत जायचा. मुलं चिडवायची, "एक बाजू की सर्दी है क्या?" तो हसायचा आणि बाही तशीच ठेवायचा. त्याला जायचं होतं. माझ्याकडे येऊन भिंतीवरच्या नकाशात कोरिया दाखवायचा आणि म्हणायचा, "मावशी, तिथे स्टेडियममध्ये माणसं गाणी म्हणतात. प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं असतं."

"तुझं कुठलं?"

"असेल ना. आधी जाऊ तर दे."

डिसेंबरात भाऊसाहेब श्रीरंगकडे आले. मुंबईहून एक मोठे पुढारी आले होते, महाराष्ट्र सदनात उतरले होते, आणि रविवारी दुपारी आमच्या मंडळात यायला तयार झाले होते. त्यांच्या हस्ते धनूचा सत्कार करायचा.

सुनंदा म्हणाली, "पण त्याने अजून काही केलेलंच नाही. जानेवारीत बघतील, त्यानंतर करू या ना."

"वहिनी, जानेवारीत पोरगा गेला कोरियाला, तर सत्कार कुणाचा करायचा, त्याच्या फोटोचा?"

सगळे हसले. फोटोचं ते अशुभ बोलणं ऐकून सुनंदाने पटकन पदर तोंडाशी नेला. श्रीरंग पहिल्यांदा दिल्लीत आला तेव्हा भाऊसाहेबांनी त्याला आपल्या क्वार्टरात ठेवून घेतलं होतं. नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास त्याने त्यांच्या ओसरीत बसून केला. त्याने सत्काराला हो म्हटलं.

रविवारी ऊन पडलंच नाही. धुक्याची रजई सकाळपासून तशीच होती. सोसायटीच्या लॉनवर शामियाना घातला होता. धनूला रेशमी कुडता, डोक्याला फेटा. जयंतने त्याची बाही काढून घेतली. "फोटोत कसं दिसेल, यार? लुळा पडल्यासारखा." पोरगा व्यासपीठावर खुर्चीत बसला. पाहुणे दोनला येणार होते, ते चारच्या पुढे आले. तोवर भाषणं चालली. मराठी माणूस मागे का, मराठी माणूस पुढे कसा. धनू बसून होता. त्याची बोटं निळसर पडलेली मला तिसऱ्या रांगेतून दिसत होती. तो हात मांड्यांखाली घालून बसला, तर श्रीरंगनेच खालून खूण केली, नीट बस.

पाहुणे आले, हार झाले. ते मोकळ्या स्वभावाचे होते. माईक हातात घेऊन म्हणाले, "मी गावाकडचा माणूस. मला काय तो बेसबॉल कळत नाही. एक फेकून तर दाखवू दे पोराला!"

टाळ्या पडल्या. मग बायकांच्या बाजूने आवाज आला, "नको."

सुनंदा उभी राहिली होती. मंडळात ती कधी हळदीकुंकवाच्या रांगेतसुद्धा पुढे येत नसे. "त्याचा हात गार पडलाय. साहेबांनी नको म्हणून सांगितलंय."

"अहो वहिनी, एकच चेंडू," भाऊसाहेब म्हणाले, प्रेमाने म्हणाले. "घरचीच माणसं आहेत सगळी."

"आईला काय, पोरगं तिच्यासाठी लहानच असतं," पाहुणे माईकवरच म्हणाले. मंडपभर हशा झाला. सुनंदाने श्रीरंगकडे बघितलं. श्रीरंगने खाली बघितलं. आणि लोक तालावर म्हणायला लागले, "ध-नू! ध-नू!"

धनू खाली उतरला. जयंत शामियान्याच्या दुसऱ्या टोकाला हातमोजा घालून उभा राहिला. पोराने खांदा जरा फिरवला आणि एक चेंडू फेकला, हलकाच.

"हे तर शेवंतामावशी पण फेकतील!" कुणीतरी ओरडलं. माझंच नाव ऐकून मीसुद्धा हसले.

मग त्याने पाय वर घेतला. तसाच थांबला, नेहमीसारखा. हात फिरला. चेंडू जयंतच्या डोक्यावरून शामियान्याच्या कापडावर आपटला आणि कापड टरकन फाटलं. लोक वेडे झाले. पाहुण्यांनी कपाळाला हात लावला. त्या गलक्यात धनूच्या तोंडून आलेला आवाज कुणाला ऐकू गेला नाही. तो वाकला होता, मग सरळ झाला. हसला.

त्याला परत व्यासपीठावर नेलं. शाल घातली. पाहुण्यांनी नारळ पुढे केला. धनूने डावा हात पुढे केला.

"उजव्या हाताने घे, बाळ," भाऊसाहेब म्हणाले. "नारळ आहे."

त्याने डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरलं आणि एखादी जड वस्तू उचलावी तसा तो हात वर आणला. बोटं उघडली. पाहुण्यांनी नारळ त्यात ठेवला. फोटो निघाला. सुनंदा तोवर खुर्च्यांमधून वाट काढत पुढे निघाली होती, पण माणसं पाहुण्यांभोवती इतकी दाटली, की ती अर्ध्यावरच अडकली.

पहिले काही दिवस आंबेहळदीचा लेप झाला. मग श्रीरंग त्याला जुन्या दिल्लीत हाडं बसवणाऱ्या एका पैलवानाकडे घेऊन गेला. त्याने पिळून पट्टी बांधली आणि सूज दुप्पट झाली. मग मोठ्या इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, कोपराच्या आतला, हाडं बांधून ठेवणारा दोर तुटलाय. रोजची कामं करू शकेल. यून साहेब घरी आले, त्यांनी अंगठा ठेवायला हात पुढे केला आणि ठेवला नाही. चहा न घेता बसून राहिले. जाताना सुनंदाला म्हणाले, "मैंने बोला था, मॅडम." ती म्हणाली, "जी."

श्रीरंगने बाहेर कुणाला काही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "आराम चाललाय." लोकांना ते बरोबरच वाटलं. मलाही घरात कळलं म्हणून कळलं, आणि सुनंदाने माझ्याकडून शब्द घेतला.

त्यामुळे जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी बस येऊन उभी राहिली. ढोल होता, भगवे फेटे होते. जयंतने खालून हाक मारली, "धनू, चल रे! कोरियावाले आले असतील!"

सुनंदा जिन्याने खाली उतरली. मी तिच्या मागे. ती बसच्या दाराच्या पायरीवर चढली आणि आत बघून म्हणाली, "त्याचा हात गेलाय. तुम्ही परत जा."

ढोल थांबला.

"गेला म्हणजे?" भाऊसाहेब म्हणाले. "लचकला असेल. वहिनी, तिळाचं तेल कोमट करून..."

"तुटलाय. त्या दिवशी. तुमच्या एका चेंडूत."

मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवरचा डबा सरकला, त्याचाच आवाज झाला. भाऊसाहेबांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. जयंत रडायला लागला, मोठा माणूस, तोंडावर हात घेऊन.

तेवढ्यात धनू खाली आला. अंगात साधा स्वेटर. आईच्या खांद्याला डाव्या हाताने हलकेच बाजूला करून तो बसमध्ये चढला. "चला ना," म्हणाला. "मॅच तर आहेच. तिकीट आधीच काढलेलं म्हणून ते साहेब एवढ्या लांबून आलेत, कुणीतरी दिसायला नको?"

सुनंदा आली नाही. मी गेले.

मैदानावर तो आमच्यात चटईवर बसला. धनूच्या जागी कारखान्यातलाच एक तरुण उभा होता, त्याचा चेंडू आम्हालासुद्धा नीट दिसत होता. तो परदेशी प्रशिक्षक कडेला कोटाच्या खिशात हात घालून उभा होता. यून साहेब त्याच्याशी बोलले, त्याने एकदा आमच्या दिशेला बघून मान झुकवली आणि परत खेळाकडे वळला. धनू आम्हाला समजावत राहिला. आत्ता का धावला, आत्ता का थांबला, हा चेंडू वाकडा का गेला. इतक्या महिन्यांत आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांना खेळ कळला. टाळी कुणी वाजवली नाही.

परत येताना भाऊसाहेब त्याच्या शेजारी बसले. बस निम्म्यावर आल्यावर त्यांनी खिशातून सुपारीची डबी काढली, त्याच्यापुढे धरली, आणि पोरगा आहे हे लक्षात येऊन परत ठेवून दिली.

बस फाटकाशी थांबली. धनूने आधी उतरावं म्हणून सगळे आपापल्या जागी बसून राहिले. वर गॅलरीत सुनंदा उभी होती. धनू खिडकीकडे तोंड करून बसला होता, त्याचे खांदे हलत होते, आणि तो उठत नव्हता. कुणी त्याला हात लावायला धजलं नाही. मग ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "उतरना नहीं है क्या, भाई?"