कोऱ्या कागदावरचा ठसा

मित्रांनो, शहाड स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात मी राहतो. लाकडी मुठीचा, कडा झिजलेला एक जुना रबरी शिक्का. डॉक्टर ऋजुताबाईंचे नाव आणि नोंदणी क्रमांक माझ्यावर उलट्या अक्षरांत कोरलेले आहेत. झोपेच्या गोळ्या दुकानात सहज मिळत नाहीत. डॉक्टरांची सही आणि माझा ठसा लागतो. याचा मला फार अभिमान होता. आता ते सांगतानाही मान वर होत नाही.

दवाखान्यात गर्दी फार. "मावशी, माझा नंबर येईपर्यंत ताप आपोआप उतरेल!" असे पेशंट म्हणत. म्हणून डॉक्टर सकाळीच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवीत आणि नंबर लावणाऱ्या मंजुळामावशी त्यांवर मला भराभर उमटवीत. वेळ वाचे. यात काही चूक आहे, असे आम्हा कोणालाच वाटले नाही.

मग मावशींचे यजमान गेले आणि त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. अकराव्या दिवशी मावशींनी एक कोरा कागद पिशवीत टाकला आणि घरी त्यावर गोळीचे नाव उतरवले. शरीराला सवय झाली की तेवढीच गोळी पुरत नाही. एकीच्या दोन झाल्या, मग तीन. मावशी दिवसाही पेंगू लागल्या, बोलता बोलता शब्द विसरू लागल्या.

औषधवाले दामाजी एकदा म्हणाले, "मावशी, एवढ्या गोळ्या कोणाला?"

"माझ्या जावेला. शिक्का दिसत नाही का तुम्हाला?"

दामाजींनी माझा ठसा पाहिला आणि गोळ्या दिल्या. आपली शाई वाळून जावी, असे मला तेव्हा वाटले.

पुढच्या महिन्यात मात्र ते म्हणाले, "आता मॅडमना फोन केल्याशिवाय नाही देणार." मावशी घाबरल्या. कोणाला कळू नये म्हणून त्यांनी गोळ्या एकदम बंद केल्या. ही चूक पहिलीपेक्षा मोठी होती. सवय झालेल्या मेंदूला गोळी अचानक मिळेनाशी झाली, की तो खवळतो. तिसऱ्या दिवशी टेबलाशीच मावशींना आकडी आली. मी त्यांच्या हातातून खाली पडलो.

इस्पितळात गोळी पुन्हा सुरू केली आणि त्या वाचल्या. दामाजी ते कागद घेऊन दवाखान्यात आले. "शिक्का तुमचाच होता मॅडम, म्हणून दिल्या."

"सहीपण माझीच आहे," डॉक्टर एवढेच म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या आणि दारातच थांबल्या. "मी चोरी केली, मॅडम. मला काढून टाका."

"आधी आत या. दहा दिवसांनंतर झोप लागते का, हे मी विचारलंच नाही. रोज समोर होतात तुम्ही, मावशी."

डॉक्टरांनी कागद ओढला. वर मावशींचे पूर्ण नाव लिहिले, खाली गोळी किती किती दिवसांनी कमी करत न्यायची ते लिहिले. मग सही केली आणि मला स्वतः उचलले. कित्येक वर्षांनी मी कोऱ्या नव्हे, लिहिलेल्या कागदावर उमटलो.

मित्रांनो, माझा ठसा आहे म्हणून औषध निर्धोक होत नाही. घरात कोणाच्या गोळ्या वाढत असतील, तर त्यांच्यावर ओरडू नका, गोळ्या लपवूही नका. मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्यायला लावा. मला सारे ठाऊक होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.