मामाची गाडी

वकीलबाई प्रश्न निशिगंधाला विचारत होत्या आणि उत्तरं हंबीरराव देत होता. तिसऱ्यांदा असं झाल्यावर क्रांती कुरणे यांनी पेनाला टोपण लावलं.

"हंबीरराव, नांदायला तुम्ही गेला होता की ही?"

हंबीरराव गोरामोरा झाला. पेठ वडगावात त्याच्या शब्दाला वजन होतं. दूध संस्थेच्या बैठकीत तो बोलायला लागला की बाकीचे बशीतला चहा बशीतच ठेवायचे. बहिणीच्या वतीनं भावानंच बोलायचं असतं, बहिणीनं मान हलवायची असते, यात काही चुकतंय असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता सांगत होती ती एक बाई! एवढ्या मोठ्या कोर्टात आपल्याला बाईच वकील मिळाली का, यावर सकाळी वाठारपासून कोल्हापूरपर्यंत त्याची बडबड चालली होती. पण निशिगंधा हटून बसली. तिची मैत्रीण ललिता हिचं प्रकरण याच बाईंनी लढवलं होतं.

दुसरा शनिवार होता. कसबा बावड्यातलं कोर्ट बंद, समोरच्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान बंद, त्याच्या माडीवर मात्र बाईंचं ऑफिस उघडं होतं.

"आता तू सांग," बाई निशिगंधाला म्हणाल्या.

निशिगंधानं सांगितलं. नागपंचमीला ती माहेरी आली होती, सहा वर्षांच्या साक्षीला घेऊन. आठवड्यानं नवरा, ऋतुराज, गारगोटीहून आला. पोरीची शाळा बुडतेय म्हणाला, तिला गाडीत बसवलं, "तू राहा अजून चार दिवस निवांत" म्हणाला आणि गेला. केवढा मनाचा मोठेपणा! चार दिवसांनी ही गेली तर दाराला आतून कडी. सासरे, गणपतराव, खिडकीतूनच म्हणाले, तुझं इथं काही राहिलेलं नाही. आत साक्षी रडत होती आणि कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. नवऱ्याचा मार तिनं सहा वर्षं सोसला होता, वर पदर घेऊन लोकांना हसून दाखवलं होतं. पण त्या टीव्हीच्या आवाजानं तिच्यातलं काहीतरी कायमचं तुटलं. त्यानंतर दसरा झाला, दिवाळी झाली. साक्षी तिला दिसली नव्हती.

"काय पाहिजे तुला?"

"घटस्फोट!" हंबीरराव म्हणाला. "आणि त्याची चांगली जिरवायची हाय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साक्षी पायजे," निशिगंधा म्हणाली. "बाकीचं मागनं."

"मग नीट ऐक. पोरगी पाच वर्षांच्या आतली असती तर आपलं काम जरा सोपं होतं. आता कोर्ट बघणार, तिचं भलं कुठं आहे. तू कशी वागतेस, तुझ्या घरातली माणसं कशी आहेत, सगळं बघणार. सोमवारी मी अर्ज टाकते. ताबा मागायचा आणि तोवर निदान भेटायला मिळावं म्हणून मागायचं. पण माझी एक अट आहे. तुमच्याकडून वेडंवाकडं काही व्हायला नको. दारात जाऊन दंगा नको, शाळेतून पोरगी उचलून आणणं नको. तसलं काही झालं की ते लोक पहिलं पोलिसांत जातात आणि मग पुढं प्रत्येक तारखेला तेवढंच बोलतात."

हंबीररावनं मोबाईल पालथा घातला. पुन्हा सुलटा केला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी फडताळातला गूळ चोरला की याचे असेच कान व्हायचे, हे निशिगंधाला आठवलं. सकाळी गाडीत त्यानं सहज म्हणून विचारलं होतं, साक्षीची शनिवारची शाळा कितीला सुटते. साक्षीच्या आठवणीनं भावाचाही जीव तुटतो, असं वाटून तिचे डोळे भरून आले होते. आणि त्याचा जिवाभावाचा मित्र सम्राट, जो एरवी यांच्या उंबऱ्यावरून हलत नसे, तो आज कुठंच दिसला नव्हता.

"दादा, सम्राट कुठं हाय?"

"असंल की कुठंतरी."

"दादा!"

हंबीररावनं बाईंकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "गारगोटीला गेलाय. आता निघाला असंल तिला घिऊन. व्हय, मीच सांगितलं! मामानं भाचीला आणायची म्हटल्यावर कुणाची चिठ्ठी लागती काय? जावळ माझ्या मांडीवर काढलंय तिचं. तू वकील कर, कोर्ट कर, पण पोरगी आधी आपल्या घरात पायजे. चार महिनं तुझं रडणं ऐकतोय मी भिंतीपलीकडनं."

खरं सांगायचं तर भीतीच्याही आधी निशिगंधाला आनंद झाला. साक्षी गाडीत होती. गाडी इकडेच येत होती. दुपारी साक्षी तिच्या मांडीवर झोपणार होती.

"शाळेतनं नेताना कुणी बघितलं?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्या उभ्या राहिल्या होत्या.

"त्याला सगळी सम्राटमामा म्हणूनच वळखत्यात. पोरगी पळत आली असंल."

"न्यायला रोज कोण येतं?"

"सासरे," निशिगंधा म्हणाली. "शनिवारी बाजार करून येतात. त्यांना जरा उशीर होतो."

"म्हणजे ते आले की शाळेत बोंब उठणार."

"उठू दे की!" हंबीरराव उसळला. "आणि त्यानं न्हेली तवा कोण बोंबललं? त्यानं फशिवून न्हेली, त्याचं काय?"

"त्याचंच उत्तर तर मी कोर्टात मागणार होते. आता मी तोंड उघडलं की ते म्हणतील, तुम्ही काय केलंत?"

हंबीररावनं मोबाईल उचलून हातात घट्ट धरला.

बाई निशिगंधाजवळ येऊन बसल्या. "हे बघ. पोरगी इथं आली तरी मी तुला हाकलणार नाही. तुझी केस घेईन. पण ती केस वेगळी असेल, आणि पोलीस तिला तुझ्या कुशीतून परत नेतील तेव्हा मी काही करू शकेन असं नाही. गाडी परत फिरवायची असेल तर आत्ता, सासरे पोचायच्या आत. तू आई आहेस. तूच ठरव."

"दादा, फोन लाव. फिरवायला सांग."

"मी न्हाय सांगणार," हंबीरराव म्हणाला. "माझ्यानं हुणार न्हाय. तुला धाडायची असंल माघारी तर तूच धाड."

तिनं त्याच्या हातातून मोबाईल घेतला. सम्राटचा नंबर लावला. सम्राटनं पहिल्याच रिंगला उचलला.

"हंब्या, काम फत्ते! कूर गावच्या म्होरं आलोय."

"सम्राट, मी निशाताई बोलतेय. गाडी बाजूला घे."

"ताई? आवो, साक्षी हितंच हाय की, द्यू का?" आणि नको म्हणायच्या आत त्यानं फोन दिलासुद्धा.

"आई!"

चार महिन्यांनी तो आवाज कानात आला आणि निशिगंधाला समोरची खुर्ची दिसेना. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"आई, मामानं मला पुढं बसिवलंय. तू कुठं हायस? मी शाळेतल्या बाईंस्नी सांगितलं, माझी आई आली. सगळ्या पोरींस्नी सांगितलं."

"साक्षी, राजा, ऐक माझं. मामा आता तुला परत शाळेत सोडणार हाय."

"का?"

का! सहा वर्षांच्या पोरीला ताबा, अर्ज, तारीख यातलं काय सांगणार?

"मी न्हाय जाणार. मी तुझ्याकडं येणार."

"मी येणार हाय तुला न्यायला. गुपचूप न्हाय, सगळ्यांच्या समोर येणार. पण आज न्हाय."

पोरगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग मी पोरींस्नी काय सांगू?"

हंबीरराव उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

"सांग," निशिगंधा म्हणाली, "माझी आई येणार हाय म्हणून सांग."

निशिगंधानं फोन भावाच्या हातात कोंबला. हंबीररावनं बाहीनं तोंड पुसलं आणि तो ओरडला, "सम्राट, मर्दा, ऐकलास न्हवं? फिरव गाडी. शाळेच्या बाईंच्या हातात दे तिला, नुसती दारात सोडू नगंस. आणि कोण काय बोललं तर उलट बोलायचं न्हाय. तुला माझ्या गळ्याची आण हाय."

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, तो तसाच राहिला. निशिगंधा मोबाईलकडे बघत होती आणि मनातल्या मनात कूर ते गारगोटी रस्त्यावरचं एकेक वळण घेत होती. मधेच तिला वाटलं, आत्ता फोन करावा, म्हणावं घिऊन ये, काय व्हायचं ते होऊ दे. एकदा तिचा हात मोबाईलपर्यंत गेलासुद्धा. हंबीररावनं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

फोन वाजला तेव्हा तिघंही दचकले. हंबीररावनं तो स्पीकरवर टाकला.

"सोडली," सम्राट म्हणाला. "आजा आलाच हुता गेटावर. फोन कानाला लावलेला. म्हटलं, मामा हाय, जरा फिरवून आणली, चुकलं. त्यानं सगळ्यांच्या म्होरं माझ्या थोबाडीत ठिवून दिली."

"मग?" हंबीररावच्या मुठी वळल्या.

"मग काय? तू आण घातलीस न्हवं. गप खाल्ली." सम्राट तालमीत वाढलेला गडी, त्याच्या अंगाला हात लावून सरळ घरी गेलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता. त्यानं विचारलं, "ताई हायत का तिथं?"

"आहे," निशिगंधा म्हणाली.

"ताई, माझ्याशी वाटंत एक सबुद बोलली न्हाय ती. पर उतरली आन् बाईंस्नी म्हणाली, माझी आई येणार हाय, आज न्हाय पण येणार हाय. दोनदा म्हणाली. आजा हात धरून वढत हुता तरी म्हणाली."

निशिगंधा इतका वेळ रडली नव्हती. आता तिला आवरेना. टेबलावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली आणि हंबीरराव, ज्याला बायकांच्या रडण्याचा तिटकारा होता, तो तिच्या पाठीवरून हात फिरवत तिच्याहून मोठ्यानं रडला.

बाईंनी दोघांनाही रडू दिलं. मग म्हणाल्या, "आजचं हे आपण लपवायचं नाही. भावानं पोरगी नेली आणि आईनं परत पाठवली, हे आपणच अर्जात लिहू. ते त्यांच्या पद्धतीनं सांगायच्या आधी."

त्यांनी वकीलपत्र पुढं ठेवलं. निशिगंधानं ओढणीनं डोळे पुसले आणि सही केली. या वेळी हंबीरराव मधे बोलला नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "सोमवारी कोर्ट कितीला उघडतं?"