मामंजींच्या चांगुलपणाचं निदान

आमच्या घरात माणूस चांगला वागायला लागला, की त्याला दवाखान्यात नेतात. टोमणा मारत नाही, घडलेलं सांगते. माझ्या सासऱ्यांना आम्ही असंच मिरजेला नेलं होतं.

सासरे म्हणजे आप्पासो. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, कऱ्हाडच्या खालच्या अंगाला कॅनॉलच्या पाण्यावर त्यांचा ऊस. मी त्यांना मामंजी म्हणते. गाव तोंडावर सुभेदारसाहेब म्हणायचं आणि त्यांची पाठ फिरली की बरंच काही म्हणायचं. भाकरी फुगली नाही तर ताट अंगणात जायचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्यानं, जयराजनं, मला समजावलं होतं (वडलांना तो आबा म्हणतो), "आबा मनानं वाईट नाहीत गं, नुसते बोलतात." ताट काही बोलण्यानं अंगणात जात नाही, हे मी तेव्हा नवी असल्यामुळे बोलले नाही.

बदल कळला तो दुधावरून. दूध करपून घरभर वास सुटलेला आणि मामंजी गॅसशेजारी स्टुलावर बसून निवांत पेपर वाचत होते. मी परसातून धावत आले आणि आता ऐकून घ्यायचं म्हणून मान खाली घातली.

"करपलं व्हय?" ते म्हणाले. "मला तर कायबी वास न्हाई आला. ऱ्हाऊ दे पोरी, भाजलं तर न्हाई न्हवं तुला?"

पोरी! त्या घरात मला 'ए' सोडून दुसरी हाक नव्हती. मी पातेलं तसंच टाकून आत जाऊन रडले.

मग ते वाढतच गेलं. मामंजी माझ्याबरोबर शेंगा सोलायला बसू लागले. ऊसतोडीला आलेल्या बायकांना सावलीत बसवून पाणी देऊ लागले. तालुक्याचे एक पुढारी घरी आले, तेव्हा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवरच बाहेर येऊन बसले आणि त्यांना प्रेमानं म्हणाले, "सायब, तुमी लय खोटं बोलता, पण मानूस ग्वाड हाय." पुढाऱ्यांना चहा गिळवेना. जयराज घामाघूम झाला. मी आत पदर तोंडात धरून उभी होते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते बहिणीकडे जाऊ लागले. हरणाबाई, आमच्या आत्याबाई, दुष्काळी माण तालुक्यात दिलेल्या. नवरा गेलेला, रान कोरडं, दारात चार शेरडं. मुलाच्या शिक्षणाला मदत मागायला त्या एकदा आल्या होत्या, तेव्हा मामंजींनी त्यांना उंबऱ्यातूनच परत लावलं होतं, आणि तिथून येणंजाणं तुटलं होतं. आता हेच मामंजी एसटीनं दहिवडीला उतरून आठ-आठ दिवस बहिणीकडे राहायचे, तिच्या हातची बाजरीची भाकरी खायचे आणि काठी घेऊन तिची शेरडं राखायचे. सासूबाई हे बघायला नव्हत्या. त्या आधीच गेल्या, त्यांच्या वाट्याला मूळचाच माणूस आला.

मधूनमधून त्यांचं डोकं दुखायचं. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. दिसायला अंधूक झालं, तर कऱ्हाडच्या चष्मेवाल्यानं काच बदलली, मग फ्रेमही बदलली. वास येत नाही म्हटल्यावर वाफारा घ्यायला सांगितला. सप्ताहात कीर्तन करून गेलेल्या महाराजांनी मात्र वेगळं सांगितलं. सुभेदारांना वैराग्य आलं, आणि ते त्यांच्याच कीर्तनातून आलं, असं म्हणून त्यांनी शाल आणि नारळ नेला. बाकीचे म्हणाले, वय. माणूस चांगला होतोय म्हटल्यावर कारण कोण शोधत बसतं? मला तर वाटायचं, कुणी शोधूच नये.

पण ते शोधलं गेलं, आणि त्याला कारण साडी झाली.

आमच्याकडे बहिणीची सही घ्यायची एक रीत आहे. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव असतं, कायद्यानं लागतं म्हणून. ते काढायचं झालं की भावाला अचानक बहिणीची आठवण येते. तिला न्यायला गाडी जाते. पुरणपोळी होते. ओटी भरतात, भारी साडी देतात आणि त्याच साडीत तिला रजिस्टर कचेरीत नेतात. तिथे ती हसत हसत हक्क सोडते, कारण रडत सोडला तर माहेर तुटतं. येताना गाडीनं आलेली बहीण जाताना एसटीनं जाते. साडीच्या भारीपणावरून किती रान गेलं, ते आम्हा बायकांना लांबूनच कळतं. माझ्याही कपाटात माहेरची अशी एक मोरपंखी साडी आहे. मी ती नेसत नाही.

जयराजनं आत्याबाईंसाठी निवडलेली साडी चांगलीच भारी होती. कचेरीत कागद वाचून झाला, आत्याबाईंनी पेन हातात घेतलं, आणि मामंजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"हरणे, थांब," ते म्हणाले. मग वकिलाकडे वळले. "वकीलसाब, ह्यो कागद फाडा. हिचा वाटा हिला तोडून द्या. कॅनॉलकडचं दोन एकर हिच्या नावावर लिवा. माज्या बानं काय मला एकट्यालाच काढलं न्हवतं."

वकिलानं जयराजकडं बघितलं. जयराजनं छताकडं बघितलं. पण सातबाऱ्यावर नावं दोघा भावंडांचीच होती आणि दोघंही समोर बसलेली. थोड्याच दिवसांत वाटणीपत्र झालं. जयराजनं घरात आदळआपट केली, तेव्हा मामंजींनी त्याला विचारलं, "जेवलास का न्हाई रं?"

त्या दिवशी जयराजला पहिल्यांदा दिसलं, की आबांची तब्येत बरी नाही. डोकेदुखीनं जे झालं नाही, डोळ्यांनी झालं नाही, ते दोन एकरांनी झालं. दुसऱ्याच दिवशी गाडी मिरजेला निघाली.

डॉक्टर प्रियंका म्हणजे मेंदूच्या सर्जन, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी मामंजींना डोळे मिटायला लावले आणि एका नाकपुडीखाली कॉफीची पूड धरली. तो वास मला टेबलाच्या अलीकडे येत होता.

"कसला वास येतोय, बाबा?"

"पाणी आसंल," मामंजी नम्रपणे म्हणाले.

दुसऱ्या नाकपुडीलाही पाणीच निघालं. मग डॉक्टरांनी विचारलं, "स्वभावात काही फरक पडलाय?"

"फारच बिघडलाय, मॅडम," जयराज खुर्चीत पुढं सरकला.

"म्हणजे चिडचिड? आरडाओरडा?"

"छे छे, ते पहिल्यापासून होतं. आता सगळ्यांना समजून घेतात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कुणाला?"

"गड्यांना, सुनेला. बहिणीला तर रानच दिलं!"

"हे कधीपासून?"

"गेल्या महिन्यापासून," जयराज म्हणाला.

"दोन वर्षं झाली," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे बघितलं आणि एमआरआय लिहून दिला.

गाठ निघाली. पडद्यावर दिसत होती, चांगल्या लिंबाएवढी. डॉक्टरांनी नीट समजावलं. कवटीचा तळ म्हणजे मेंदू ज्यावर टेकतो ते हाड. त्या हाडावर, नाकाच्या मुळाच्या बरोबर वर, मेंदूच्या आवरणातून ही गाठ वाढली होती. वर्षानुवर्षं हळूहळू वाढत तिनं आधी वासाच्या नसा दाबल्या, मग मेंदूचा पुढचा भाग वर ढकलला, आणि आता ती डोळ्यांच्या नसांवर आली होती. कॅन्सर नव्हता. पण ठेवली तर आंधळेपण ठरलेलं, आणि पुढे जीवही.

"मेंदूचा हा पुढचा भाग माणसाला आवरतो, सावरतो," त्या म्हणाल्या. "तो दाबला गेला की स्वभाव बदलतो. बहुतेकांचा वाईटाकडं बदलतो. तुमच्याकडं उलटं झालेलं दिसतंय."

जयराजला हेच हवं होतं. "मग मॅडम, सही करताना ते भानावर नव्हते, असं लिहून मिळेल?"

"गाठ कुठं होती आणि कशावर दाबत होती, एवढं मी लिहीन," डॉक्टर म्हणाल्या. "भानावर होते की नव्हते, ते बरे झाले की त्यांनाच विचारा."

"काढल्यावर काय हुईल, डाक्टरीनबाई?" मामंजींनी विचारलं.

"डोकं दुखायचं थांबेल, नजर वाचेल. वास बहुधा परत येणार नाही. स्वभाव पहिल्यासारखा होऊ शकतो."

जयराजनं हात जोडले. मला मामंजी वाचायला हवे होते, आणि मला मूळचे मामंजी परत नको होते. असं मनात आणणारी सून चांगली नाही, हे मला कळत होतं. पण ताट उचलायला अंगणात जयराज जात नव्हता, मी जात होते.

ऑपरेशनला नेताना त्यांचं डोकं भादरलेलं होतं. स्ट्रेचरवरून त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, मी आदी लय वंगाळ हुतो व्हय गं?"

"नाही हो मामंजी," मी म्हणाले. एवढं मोठं खोटं मी आजवर बोलले नव्हते. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि त्यांना आत नेलं.

ऑपरेशन अख्खा दिवस चाललं. कपाळाच्या वरून कवटी उघडून गाठ तुकड्यातुकड्यानं काढली. तळाच्या हाडाला पडलेलं भोक त्यांच्याच कातडीखालच्या पडद्यानं बुजवलं, म्हणजे मेंदूतलं पाणी नाकावाटे गळायला नको. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, असं बजावलं. दोन दिवस मामंजी गुंगीत होते. तिसऱ्या दिवशी नर्सनं चहा दिला आणि वॉर्डभर आवाज घुमला.

"ह्यो चहा हाय का शेरडाचं मूत? कोन हाय रं हितं इनचार्ज?"

जयराजच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आबा आलं!" म्हणत त्यानं नर्सच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. वॉर्डात पेढे वाटले. मलाही एक दिला. मी खाल्ला.

घरी आल्यावर महिन्याभरात मामंजी पूर्ण बरे झाले. पहिलं ताट अंगणात गेलं, तेव्हा बघायला आलेली एक चुलतसासू म्हणाली, "देव पावला बाई." डोकं दुखायचं थांबलं, पेपर बिनचूक वाचता येऊ लागला, माझी हाक पुन्हा 'ए' झाली. मग चांगला दिवस बघून जयराजनं भावकीतले चार वडीलधारे जमवले, वकिलाला बोलावलं आणि डॉक्टरांचा कागद मामंजींपुढे ठेवला.

"आबा, आत्यानं तुमच्या आजाराचा फायदा घेतला. आता कोर्टात एवढंच सांगायचं, की सही केली तेव्हा मी भानावर नव्हतो. बाकी वकील बघतील."

मी दाराआड उभी होते. आत्याबाईंचं रान आता गेलंच, असं धरून चालले होते.

मामंजींनी कागद वाचला. मग चष्मा काढला.

"कोन भानावर न्हवता?"

"म्हणजे... तुम्ही, आबा. गाठीमुळं."

"गाठ मेंदूवर हुती. मी येडा हुतो व्हय रं भडव्या?" आवाजानं परसातल्या कोंबड्या उडाल्या. "पलटनीत माज्या एका सहीवर दारूगोळा हालायचा! भर कोर्टात म्हनू, सुभेदार येडा झाला हुता? गावानं माज्या मागनं टाळ्या पिटायच्या? दिलं त्ये दिलं! का दिलं त्ये मला आटवत न्हाई, द्यायचं काय कारन हुतं त्येबी कळत न्हाई, पन सही माजी हाय!"

"आबा, दोन एकर..."

"गेलं मसनात! वकील, तुमी चहा घ्या आन निगा."

आत्याबाईंचं रान वाचलं. ते चांगुलपणानं दिलेलं होतं आणि माजानं राखलं गेलं. त्या दिवशी मामंजींच्या चहात मी साखर जास्त घातली, त्याबद्दलही शिव्या खाल्ल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या शिव्या मला गोड लागल्या.

आठवड्यानं आत्याबाई भावाला बघायला आल्या. फडक्यात बाजरीच्या भाकऱ्या बांधून आणलेल्या, भावाला आवडतात म्हणून. मामंजी पेपरातून वर न बघता म्हणाले, "आता आनिक काय न्यायचं ऱ्हायलंय?"

आत्याबाई आत आल्या आणि माझ्याशेजारी पाटावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"संयोगिता, रान झालं गं," त्या म्हणाल्या. "लेकराचं भलं हुईल. पन दोन वरसं मला भाऊ हुता बघ. माज्या चुलीम्होरं बसून म्हनायचा, हरणे, आई आशीच भाकरी थापायची न्हवं? त्यो काढून टाकला डाक्टरीननं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, की डॉक्टरांनी दर वर्षी तपासणीला बोलावलंय, कारण अशी गाठ कधीकधी पुन्हा वाढते.

आत्याबाईंनी चटकन मान वर केली.

"म्हंजी हाय का काय आशा?" त्या म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

मी त्यांना हसले नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं.